दरमहा दारी येणारी पेटी

गेल्या चातुर्मासात आम्ही एक विलक्षण नेम धरला. आमच्या मातुःश्रींनी प्रतिवर्षाप्रमाणे कांदा-लसूण वर्ज्य केला, सौभाग्यवतींनी दर सोमवारी देवळात दिवा लावण्याचे ठरविले, आणि आम्ही दरमहा तीन पेट्या घरी मागविण्याचे पत्करले: एक खाऊची, एक पुस्तकांची व एक कपड्यांची. शहरांतील तरुण मंडळी ज्यांना ‘सब्स्क्रिप्शन बॉक्स’ म्हणतात त्या ह्याच. बँकेतून पैसे कापून घेण्याची अनुमती एकदा दिली, की पेटीत काय घालावयाचे ते विक्रेता ठरवितो, आणि पेटी आपोआप येत राहते. आमचे एक वकीलमित्र ह्या पेट्यांचे मोठे भक्त. त्यांच्याशी वाद घालता घालता आमच्या ध्यानात आले, की ज्या वस्तूविरुद्ध आपण इतके तावातावाने बोलत आहोत, ती आपण हाताळलेलीसुद्धा नाही. पुरावा न पाहता निकाल देणे आमच्या व्यवसायास शोभत नाही. म्हणून हा खटाटोप.

ही कल्पना दिसते तितकी नवी नव्हे. अमेरिकेतील हॅरी शेरमन ह्या गृहस्थांनी 1916 च्या सुमारास अभिजात ग्रंथांच्या चिमुकल्या आवृत्त्या काढल्या आणि त्या व्हिटमन कंपनीच्या चॉकलेटच्या डब्यांतून खपविल्या. खाऊ आणि पुस्तक ह्यांची सोयरीक तेव्हाच जुळली. पुढे 1926 साली त्यांनी ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ काढला. हेन्री सीडल कॅन्बी ह्यांच्या अध्यक्षतेखालील पाच परीक्षक महिन्याचे एक नवे पुस्तक निवडीत, आणि ते टपालाने सभासदांच्या घरी जाई. पहिलीच निवड सिल्व्हिया टाऊनसेंड वॉर्नर ह्या लेखिकेच्या ‘लॉली विलोज’ ह्या पहिल्या कादंबरीची होती. नवख्या लेखणीवर टाकलेला तो विश्वास होता. परंतु नापसंत पुस्तके परत येऊ लागली, तेव्हा चालकांनी युक्ती काढली. पुस्तकाची सूचना आधी पाठवावयाची, आणि सभासदाने मुदतीत ‘नको’ असे कळविले नाही तर पुस्तक रवाना करावयाचे. होकार देण्याचे श्रम वाचले. नकार देण्याचे श्रम मात्र ग्राहकाच्या गळ्यात पडले. 1973 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला नियम करून सांगावे लागले, की अशा योजनांत नकार कळविण्यास निदान 10 दिवस तरी दिले पाहिजेत. पुढे 2010 मध्ये बर्चबॉक्सने प्रसाधनांचे नमुने आणि 2011 मध्ये स्टिच फिक्सने कपडे पेटीत घालून घरोघर पाठविण्यास आरंभ केला. आमच्या दारी आलेल्या पेट्या ह्याच कुळातल्या.

खाऊची पेटी प्रथम आली, आणि तीही श्रावणातल्या एकादशीला! आत सात पुड्या: भाजलेले मखाणे, नाचणीचे चिप्स, खजुराच्या वड्या, मसाल्याचे काजू वगैरे. प्रत्येक पुडीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका होता. परंतु त्या ठिपक्याने मांस वा अंडे नाही इतकेच कळते; कांदा-लसणाची पूड आहे की नाही, हे मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांत शोधावे लागते. सातांपैकी पाच पुड्यांत ती निघाली. मातुःश्रींनी चष्मा लावून एकेक पुडी वाचली, पाच बाजूला सारल्या आणि विचारले, “हें कोणें मागयलें?”

ह्या प्रश्नाचे सरळ उत्तर आम्हांस देता येईना. पेटी आम्ही मागविली होती; पुड्या मागविल्या नव्हत्या.

चवीविषयी लिहावयाचे तर पदार्थ ताजे होते, वाईट नव्हते. दोष होता तो सारखेपणाचा. मखाणे असोत, चिप्स असोत की काजू असोत, सर्वांवर तोच पेरी-पेरीचा लाल भुरका. आणि तीच तऱ्हा श्रावणात व तीच आश्विनात. आमचे घराणे तीन पिढ्यांपूर्वी गोव्यातून बेळगावास आले. आमच्याकडून बडोद्याच्या आप्तांकडे कुंदा जाई, तिकडून लीला चिवडा येई. ग्वाल्हेरचे व्याही थंडीत गजक पाठवीत. जत्रेहून परतणारा कोणी तरी खाज्यांची पुडी आणी. त्या पुड्यांना ऋतू होता, निमित्त होते, आणि ह्या घरात कोण काय खात नाही हे पाठविणाऱ्याला तोंडपाठ होते. खाऊच्या पेटीला आमचा पत्ता ठाऊक होता. आमची तिथी ठाऊक नव्हती.

पुस्तकांच्या पेटीविषयी आमचे मत इतके प्रतिकूल नाही. पुस्तकासोबत आलेली सुवासिक मेणबत्ती व चहाची पुडी आम्हांस अनाठायी वाटली. चार महिन्यांतील सर्व पुस्तके इंग्रजी होती. मराठी वा कोंकणी ग्रंथाचे नाव त्या विक्रेत्याच्या यादीतच नाही. तीन पुस्तके आम्ही निम्मी वाचून ठेवून दिली. चौथे मात्र प्रीमो लेवी ह्या इटालियन रसायनशास्त्रज्ञाचे ‘द पीरियॉडिक टेबल’ हे 1975 सालचे पुस्तक निघाले. त्याचे प्रत्येक प्रकरण एकेका मूलद्रव्याच्या नावाने चालते, आणि त्यांतून एका ज्यू तरुणाचे शिक्षण, कारावास व पुढील आयुष्य उलगडते. दुकानात हे नाव पाहून आम्ही खचित पुढे गेलो असतो. आमचे रसायनशास्त्र शाळेतच संपले. येथे मात्र दुसऱ्याच्या निवडीने आम्हांस आमच्या कुंपणापलीकडे नेले. पेटीच्या बाजूने जो काही खरा युक्तिवाद आहे तो एवढाच, आणि तो लहान नाही.

परंतु ही निवड केली कोणी? विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ 1874 पासून दरमहा निघू लागली, तेव्हा वाचक कोणाच्या हाती मन देत आहे हे त्यास माहीत होते. शेरमनच्या क्लबातही परीक्षकांची नावे उघड होती; त्यांच्याशी भांडता येत होते. आमच्या पेटीत निवडणाऱ्याची सही नव्हती. चांगल्या पुस्तकासाठी आभार मानावेत तर कोणाचे, आणि तीन रद्द पुस्तकांचा जाब विचारावा तर कोणाला?

कपड्यांच्या पेटीने आम्हांस प्रश्नच प्रश्न विचारले. उंची, छाती, कंबर, आवडते रंग, कचेरीचा वेष, सणाचा वेष; इतकी उलटतपासणी आम्ही साक्षीदाराचीही करीत नाही. एवढे करून जे सदरे आले ते खांद्यांवर ताठ आणि पोटावर तंग. आमचा गल्लीतला शिंपी एकही प्रश्न न विचारता फीत टाकतो आणि ‘साहेब, अर्धा इंच सोडतो’ म्हणतो. त्याच्या त्या अर्ध्या इंचात जी माया आहे ती प्रश्नावलीत नाही. तथापि सोय अशी, की नको ते कपडे सात दिवसांत परत करता येतात. येथे कायदा वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. 1930 च्या मालविक्री अधिनियमाच्या 24 व्या कलमान्वये, पसंतीसाठी पाठविलेला माल ठरलेली मुदत टळेपर्यंत नापसंती न कळविता ठेवून घेतला, तर तो आपल्या मालकीचा होतो. म्हणजे घडी न मोडलेला सदराही केवळ आपल्या आळसाने विकत घेतला जातो. आमचे दोन सदरे असेच झाले.

येथे ह्या सर्व व्यवहाराचे मर्म हाती लागते. आपल्याकडे मौन हे संमतीचे लक्षण मानतात. करारकायदा सामान्यतः तसे मानीत नाही. 1862 साली इंग्लंडमध्ये फेल्टहाऊस विरुद्ध बिंडली हा खटला झाला. काकाने पुतण्यास लिहिले, की घोड्याविषयी तुझ्याकडून पुन्हा काही कळले नाही, तर 30 पौंड 15 शिलिंगांस तो माझा झाला असे मी समजेन. पुतण्याने उत्तर दिले नाही. न्यायालयाने ठरविले, की दुसऱ्याच्या मौनातून असा करार उभा करता येत नाही. परंतु पेटीवाले त्या काकाहून हुशार. ‘माझे मौन म्हणजे होकार’ असे ते पहिल्याच दिवशी आपल्याकडून कबूल करून घेतात, आणि मग तो पुतण्या आपल्या साहाय्यास येत नाही.

हा मोह केवळ आजच्या व्यापाऱ्यांचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘वर्गणी संपली आहे, नको असल्यास कळवावे, अन्यथा पुढील अंक व्ही.पी.ने पाठवू’ अशी सूचना आपल्या जुन्या मासिकांतही छापली जात असे. फरक इतकाच, की व्ही.पी. घेऊन पोस्टमन दारात उभा राही, आणि पैसे मोजण्यापूर्वी मान हलविण्याची एक संधी मिळे. आता पैसे आधी जातात. माणूस दाराशी नंतर येतो.

खाऊची पेटी सुरू करण्यास आम्हांस दोन मिनिटे लागली. बंद करण्यासाठी जी कळ दाबावयाची ती ‘साहाय्य’ ह्या सदराच्या तळाशी दडविली होती. ती सापडल्यावर चार पडदे ओलांडावे लागले: कारण सांगा, पुन्हा विचार करा, अर्ध्या किमतीत घ्या, आणि अखेरीस दूरध्वनी करा. तेवढ्यात पुढील महिन्याचे पैसे कापले गेले. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत ग्राहकाला फसविणाऱ्या 13 क्लृप्त्यांची यादी आहे. वर्गणी रद्द करणे अशक्य वा किचकट करून ठेवणे ही त्यांतलीच एक. तेव्हा आमची तक्रार निराधार नव्हती. परंतु दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्यापूर्वी निदान 24 तास आधी ग्राहकास सूचना द्यावी लागते. ती सूचना आम्हांस आली होती. संदेशांच्या गर्दीत आम्ही ती वाचली नाही.

न वाचलेली वस्तू ती एकच नव्हती. कार्तिकात परत पाठविण्याच्या कपड्यांचे खोके उचलले, तेव्हा त्याच्याखाली एक पाकीट निघाले. आमच्या कुलदेवतेच्या देवस्थानातून आलेला तो प्रसाद होता. वडिलांनी 1994 साली तेथे कायम ठेव ठेवून आजोबांच्या स्मरणार्थ आश्विन शुद्ध त्रयोदशीस अभिषेक व्हावा अशी व्यवस्था केली. तेव्हापासून दरवर्षी कुंकू-अंगाऱ्याची पुडी टपालाने येते. यंदा ती आठ-दहा दिवस खोक्याखाली पडून होती. मातुःश्रींनी पाकीट कपाळाला लावले आणि देवघरात नेले. त्या काही बोलल्या नाहीत. आम्हांसही बोलवले नाही.

विचार केला तर तीही वर्गणीच. ठेव ठेवणारा 2011 साली गेला. अभिषेक चुकला तर तो तक्रार करणार नाही, पावती मागणार नाही. त्याच्या मौनाचा लाभ घेणे किती सोपे होते! दोन वर्षांपूर्वी देवस्थान समितीने आम्हांस पत्र लिहिले होते, की जुन्या ठेवींच्या व्याजात आता अभिषेकाचा खर्च भागत नाही, इच्छा असल्यास भर घालावी. आम्ही उत्तर दिले नाही. तरीही दोन्ही वर्षी त्रयोदशीस अभिषेक झाला आणि प्रसाद आला. एक व्यापारी आमच्या मौनातून पैसे काढतो. एक संस्था आमच्या मौनातही दिलेला शब्द पाळते. दोन्ही पाकिटे एकाच टपालाने येतात, म्हणून ती एकाच तोलाची ठरत नाहीत.

तेव्हा आमचा निकाल असा. पेटी मागविणे हा गुन्हा नव्हे. परंतु मागविण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: निवडणारा कोण हे कळते काय, ज्या घरासाठी निवड होते ते घर त्यास माहीत आहे काय, आणि ‘नको’ म्हणणे ‘हवे’ म्हणण्याइतके सोपे आहे काय. खाऊची पेटी दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीस उतरली नाही. कपड्यांची दुसऱ्या कसोटीस. त्या दोन्ही आम्ही बंद केल्या. पुस्तकांची पेटी पहिल्या कसोटीस उणी पडली खरी, परंतु लेवींच्या पुस्तकाखातर ती आम्ही एक वर्षापुरती, शेवटची तारीख घालून, चालू ठेविली आहे. मुदत संपली की तिने पुन्हा विचारावे आणि आम्ही पुन्हा उत्तर द्यावे.

आणि देवस्थानाच्या त्या दोन वर्षे पडून राहिलेल्या पत्रास आम्ही त्याच सायंकाळी उत्तर लिहिले व ठेवीत भर घातली.