नाथसागराचा काठ : दारिद्र्य निर्मूलन व जैवविविधता संवर्धन – एक चिकित्सा

प्रस्तावना :
भूमीचा वापर ठरविताना ग्रामीण दारिद्र्य निर्मूलन व जैवविविधता संवर्धन यांचा समतोल साधावा, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. मात्र हा समतोल कोणाच्या जमिनीवर व कोणाच्या खर्चाने साधावयाचा, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाच्या संदर्भात या भूमिकेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
गोदावरीवरील हे धरण 1976 मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी नदीकाठच्या अनेक गावांची सुपीक जमीन पाण्याखाली गेली. 1986 मध्ये सुमारे 341 चौ.कि.मी. क्षेत्र पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि 2017 मध्ये त्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र निश्चित करण्यात आले. म्हणजेच विकासासाठी ज्याने जमीन दिली, त्याच्याच चरितार्थावर पुढे संवर्धनाची बंधने आली.

नाथसागर उथळ असल्याने पातळी थोडी उतरली तरी विस्तीर्ण गाळपेर जमीन उघडी पडते. तेथे काठावरील शेतकरी गहू, हरभरा घेतात. त्याच हंगामात रोहित व बदके उथळ पाण्यात चरतात, तर करकोचे शेतात उतरतात. गाळपेरीतील खते व कीटकनाशके थेट जलाशयात मिसळतात, ही पक्षिप्रेमींची हरकत रास्त आहे. परंतु ती हरकत रसायनांविरुद्ध आहे, पेरणीविरुद्ध नव्हे. त्यामुळे सरसकट बंदीचे समर्थन तिच्यातून होत नाही.

या चर्चेची मूळ उणीव निराळीच आहे. तिच्यात गरीब शेतकरी व पाखरे असे दोनच दावेदार मानले जातात. वास्तविक पाणी किती व केव्हा उतरेल, हे त्या दोघांपैकी कोणीच ठरवीत नाही. ते सिंचन, औद्योगिक वसाहती व शहर यांच्या मागणीवर ठरते. एकेकाळी खेडे असलेली मुकुंदवाडी आज छत्रपती संभाजीनगर शहराचा भाग असून तेथील नळांनाही जायकवाडीचेच पाणी येते. हा तिसरा लाभार्थी हिशेबात धरला जात नाही. त्याग मात्र काठावरच मागितला जातो.

निष्कर्ष :
गाळपेरीत रसायनमुक्त पिकांची अट घालावी व त्यामुळे घटणाऱ्या उत्पन्नाची भरपाई पाणी वापरणाऱ्यांकडून मिळावी. तसेच पाणीवाटप ठरविताना पक्ष्यांच्या हंगामाचा विचार व्हावा. लाभ घेणारे खर्चात सहभागी होत नाहीत, तोवर समतोल ही संज्ञा दुर्बलांवर लादलेल्या तडजोडीचेच नाव ठरते.