एलपीएस म्हणजे इन्फेक्शन नव्हे

परवा सांगलीच्या एका ज्युनिअरने तिचं रिसर्च प्रपोजल वाचायला पाठवलं. विषय: जन्मताना गुदमरलेल्या बाळाला इन्फेक्शनही असेल तर मेंदूचं काय होतं. पद्धत: उंदराच्या पिल्लाला एलपीएस टोचायचं, मग ऑक्सिजन कमी करायचा. समोर लिहिलेलं, 'इन्फेक्शन मॉडेल'. मीही साताऱ्याहून पीएचडीला आले तेव्हा अगदी हेच लिहिलं होतं, त्यामुळे हसायचा हक्क मला नाही.

मूळ मॉडेल राईस आणि व्हानुची यांचं, १९८१ चं. सात दिवसांच्या पिल्लाची मानेतली एक कॅरोटिड धमनी बांधायची आणि त्याला ८ टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवायचं. यात एकच घाव आहे. अशा पिल्लांचं शरीर थंड केलं की मेंदूची हानी कमी होते. श्रीमंत देशांत बाळांना ७२ तास ३३.५ अंशांवर ठेवतात, तिथेही फायदा दिसला. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशात ४०८ बाळांवर हेलिक्स ट्रायल झाली. मुंबईचं सायन हॉस्पिटलही त्यात होतं. २०२१ चा निकाल: थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के बाळं दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. अपंगत्वही टळलं नाही.

मग सगळे म्हणाले, आपल्याकडे इन्फेक्शन जास्त, म्हणून असं झालं. त्याला आधार म्हणून ऑस्रेडकर यांचा २०१४ चा पेपर देतात: आधी एलपीएस दिलेल्या पिल्लांत थंडाव्याचा उपयोग झाला नाही.

इथे थांबा. एलपीएस हा ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या कवचाचा तुकडा. तो वाढत नाही, अँटिबायोटिकला दाद देत नाही. मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी तो चिडवतो, आणि मग ऑक्सिजन कमी झाला की नुकसान वाढतं, हे खरं. पण त्याच गटाने २०१७ मध्ये ग्रॅम-पॉझिटिव्हसारखा रेणू वापरला, तर थंडावा चालला! म्हणजे जंतू बदलला की उत्तर बदलतं.

वेळेचं तर अजूनच विचित्र आहे. एक्लिंड यांच्या २००५ च्या कामात एलपीएस ६ किंवा ७२ तास आधी दिलं तर हानी वाढली. २४ तास आधी दिलं तर उलट कमी झाली. पाटणहून कराडला किंवा जतहून मिरजेला ॲम्ब्युलन्समधून आणलेल्या बाळाला जंतू नेमके कधी लागले, हे कोण सांगणार? दिल्लीच्या डेनिस अभ्यासात ॲसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला आघाडीवर होते, म्हणजे ग्रॅम-निगेटिव्हच. एलपीएस अगदीच गैरलागू नाही. पण बाळ आधी गुदमरतं आणि जंतू नंतर एनआयसीयूत लागतात, असंही होतं. आपलं मॉडेल बरोब्बर उलट्या क्रमाने चालतं.

आणि हेलिक्सच्या एमआरआयमध्ये व्हाइट मॅटरची इजा ठळक होती. घाव प्रसूतीच्या आधीपासून हळूहळू बसला असेल, ही शक्यताही उरतेच. सगळं खापर इन्फेक्शनवर फोडायला मी तयार नाही.

ज्युनिअरने आता 'इन्फेक्शन' खोडून 'एलपीएसमुळे होणारा दाह' लिहिलंय. टोचायचं किती तास आधी, की नंतर, यावरून आमचं भांडण अजून चालू आहे.