माहितीपत्रक कसं वाचायचं?

'डेक्कन ओडिसी' ही आलिशान रेल्वेगाडी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने भारतीय रेल्वेसोबत २००४ मध्ये सुरू केली. तिच्या सहलींत नाशिकही असतं: गोदाघाट आणि वाइनरी. वारसा-पर्यटनावर संशोधन करणार असाल, तर अशा सहलीचं माहितीपत्रक हेही तुमचं साधनच.

ते वाचून "श्रीमंतांचे चोचले!" म्हणून मोकळं होऊ नका. ते मत झालं, समीक्षा नव्हे. काय दाखवलंय हे बघा, तसंच काय गाळलंय हेही बघा. रामकुंडापासून काळाराम मंदिर चालत काही मिनिटांवर. तिथे २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षं चालला, पण दार उघडलं नाही. १९३५ मध्ये याच जिल्ह्यात, येवल्याला, त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिर वारसा असेल, तर हा सत्याग्रह कोणाचा वारसा?

म्हणजे खरी अडचण ऐषारामाची नाही. भांडण पुसून गुळगुळीत केलेल्या वारशाची आहे. म्हणून पत्रकातल्या स्थळांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा: 'इथे कोणाला येऊ दिलं नव्हतं?' तुमचा संशोधनप्रश्न बहुधा तिथेच सापडेल.