चांगदेव किती?

चांगदेव म्हटले की वाघावर बसलेला, हातात सापाचा चाबूक घेतलेला योगी डोळ्यांपुढे येतो. ज्ञानदेवांनी भिंत चालवली आणि चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याचा ताठा उतरला, ही कथा आपण कीर्तनात ऐकली, ‘प्रभात’च्या चित्रपटात पाहिली. त्यामुळे यादवकाळात हे नाव आणखी कुणाचे असेल, असे सहसा मनातही येत नाही.

चाळीसगावजवळ पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना सापडलेला शिलालेख शके 1128 चा, म्हणजे इ. स. 1207 मधल्या दानाचा आहे. त्यातला चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू, लक्ष्मीधराचा मुलगा आणि यादव राजा सिंघण याचा मुख्य ज्योतिषी. आजोबांचे ‘सिद्धांतशिरोमणी’ आदी ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला उत्पन्न लावून दिले. लेख संस्कृतात आहे, मात्र बाजारातला माल आणि तेलाचे घाणे यांवरील हक्कांचा शेवटचा मजकूर मराठीत आहे. पैशाचा व्यवहार ज्यांच्याकडून वसूल व्हायचा त्यांना तो कळायला हवा, असाच याचा अर्थ मी लावतो. ‘ज्ञानेश्वरी’ (शके 1212) अजून चौऱ्याऐंशी वर्षे दूर होती. खानदेशात गणिताची एक शाळा होती आणि गावची बाजारपेठ ती चालवत होती! याच लेखातल्या वंशावळीत भास्कराचार्यांच्या पाच पिढ्या आधी आणखी एक भास्करभट्ट आहे, राजा भोजाकडून ‘विद्यापती’ पदवी मिळवलेला. घराण्यात नाव फिरून येत असे, याचा हा त्याच दगडावरचा दाखला.

दुसरे चांगदेव राऊळ. महानुभावांच्या पंचकृष्णांतले हे श्रीचक्रपाणी. फलटणचे, पुढे द्वारकेला गेले. हातात सूप-खराटा घेऊन रस्ते झाडणारा हा अवलिया संप्रदायाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नाही, याचे मला वाईट वाटते. वाघावर बसण्यापेक्षा खराटा हाती घेणे मला तरी अवघड वाटते.

खरा गुंता तिसऱ्यापाशी आहे. ज्ञानदेवांनी ज्यांना पासष्ट ओव्यांचे पत्र लिहिले ते चांगदेव वटेश्वर म्हणून ओळखले जातात. तापी-पूर्णेच्या संगमावर त्यांच्या नावाचे गाव आणि जुने देऊळ आहे, पुणतांब्याला समाधी दाखवतात, हरिश्चंद्रगडाशीही त्यांचे नाव जोडले जाते. ‘तत्त्वसार’ हा त्यांचा ग्रंथ शके 1234 चा मानतात, म्हणजे ज्ञानदेवांच्या समाधीनंतर सोळा वर्षांचा. आणि हरिश्चंद्रगडावरच्या लेखात वटेश्वरासोबत पुन्हा ‘चक्रपाणी’ हे नाव भेटते! येथे घाईने राऊळांची आठवण काढू नये. ‘चक्रपाणी’ हे विष्णूचे नाव, कुणीही ठेवावे.

पाटणचा ज्योतिषी 1207 मध्ये मठ काढण्याइतका प्रौढ होता. ज्ञानदेवांची भेट तेराव्या शतकाच्या अखेरीस. दोघे एकच मानायचे तर त्याचे वय शंभरच्या पुढे न्यावे लागते. एकदा हे केले की चौदाशे वर्षांकडे जायला वेळ लागत नाही. माझा तर्क असा की, त्या चौदाशे वर्षांत योगसामर्थ्याच्या गौरवाइतकाच नावाचाही हात असावा: एकाच नावाचे अनेक सिद्ध पुरुष लोकांच्या आठवणीत एकावर एक बसले आणि त्यांचे आयुष्य वाढत गेले. सिद्ध करता येण्याजोगा पुरावा माझ्या हाती नाही. पण वाचताना ही शक्यता जवळ ठेवली, तर कथा खोटी ठरवावी लागत नाही आणि इतिहासही सांडत नाही.

‘चांग’ म्हणजे चांगले. ‘चांगभलं’ म्हणणाऱ्या, चांगुणेची कथा सांगणाऱ्या मुलखात हे नाव दुर्मीळ असेल कसे? त्या काळी माणूस ओळखायचा तो बाप, गुरू, गाव किंवा ‘राऊळ’सारखा मान यांवरून. आपण या खुणा गाळून नुसते ‘चांगदेव’ लिहितो आणि मग आख्यायिका सर्वांत बलवान असलेला योगी उरलेल्या दोघांना गिळतो. त्यात सर्वाधिक नुकसान पाटणच्या मठाचे झाले आहे. संतांच्या चरित्रात त्याला जागा नाही आणि गणिताच्या इतिहासात तो आजोबांच्या तळटीपेत जातो.

विसाव्या शतकात दोन चांगदेव वाङ्मयात आले. चांगदेव भवानराव खैरमोडे यांनी डॉ. आंबेडकरांच्या चरित्राचा पहिला खंड 1952 साली काढला आणि हयातभर ते काम पुढे नेले; कागद जपणारा हा चांगदेव पाटणच्या ज्योतिष्याच्या जातकुळीचा. दुसरा कल्पित: भालचंद्र नेमाड्यांचा चांगदेव पाटील. ‘बिढार’पासून ‘झूल’पर्यंत गावोगावच्या महाविद्यालयांत नोकरी करत भटकणारा हा खानदेशी प्राध्यापक कुठेच रुजत नाही. नेमाडे स्वतः खानदेशचे. तापीकाठचा योगी त्यांना ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? पण ‘चांगदेव पासष्टी’शी या कादंबऱ्यांचा धागा जोडणारे समीक्षक मला जरा जास्तच उत्साही वाटतात. योग्याने कोरा कागद पाठवला होता, त्याला उत्तर तरी आले. पाटलाला पत्र लिहायला कुणी ज्ञानदेव नव्हता.