तहसील आपली, अरबी परकी?

आजच्या व्याख्यानाला विषय दिला आहे 'विद्यापीठातली अरबी : भाषा, साहित्य आणि संस्कृती'. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावात हा विषय कशाला, असं काहींना वाटलं असेल. त्याचं उत्तर आम्ही आधी देतो, आणि इथल्याच शब्दांतून देतो.

आपण पत्ता लिहितो : तालुका मंठा, जिल्हा जालना. 'तालुका'च्या मुळाशी अरबी 'तअल्लुक' आहे, म्हणजे संबंध, जोडलेलं असणं. 'जिल्हा'च्या मुळाशी जो अरबी शब्द आहे त्याचा अर्थ बरगडी, बाजू. 'तहसील' आणि 'महसूल' हे तर सख्खे भाऊ. ह-स-ल या तीन व्यंजनांच्या एकाच धातूतून दोघे निघाले. हाती येणं, मिळणं असा त्याचा अर्थ. आता शेतात चला. सोयाबीन, कापूस, तूर हा आपला खरीप. ज्वारी, हरभरा, गहू ही रब्बी. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबीअ' म्हणजे वसंत. पेरणी कधी होते यावरून नव्हे, पीक हाती कधी येतं यावरून ही नावं पडली. आणि कचेरीत जाऊन आपण 'तक्रार' करतो. अरबीत 'तकरार' म्हणजे तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. ज्यांनी कधी तक्रारअर्ज दिला असेल त्यांना हा मूळ अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

हे शब्द आपल्याकडे बहुतेक फारसीच्या वाटेने आले. माधव ज्यूलियनांनी १९२५ साली कोश केला, त्याचं नावही 'फारसी-मराठी कोश'. अरबी शब्द त्यात फारसीच्या छत्रीखाली उभे आहेत. म्हणजे ज्या भाषेचे शब्द आपल्या सातबाऱ्यापर्यंत पोचले, तिचं नावसुद्धा आपण नीट घेतलेलं नाही. शब्दांचं असं, तर साहित्याचं काय? आमचं म्हणणं एका वाक्यात सांगतो : अरबी शब्द मराठीच्या घरात राहतात, पण अरबी साहित्य मराठीने आजवर बहुतांशी विलायतेहून मागवलं; आणि ही चूक दुरुस्त करण्याची जागा विद्यापीठाचा अरबी विभाग हीच आहे.

आता अरबी शिकायची कशाला, याची दोन उत्तरं सगळीकडे ऐकू येतात. एक, धर्मासाठी. दुसरं, आखातातल्या नोकरीसाठी. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, आम्ही त्यांना नावं ठेवत नाही. पण विद्यापीठाने तेवढ्यावर थांबावं का? अरबी कविता इस्लामच्या आधीची आहे. इम्रू अल्-कैस हा कवी सहाव्या शतकातला. मायमोनिडीझ हा ज्यू तत्त्वज्ञ आपला मुख्य तत्त्वग्रंथ अरबीत लिहितो. मराठी वाचकांचा आवडता खलील जिब्रान ख्रिस्ती घरातला आणि आधी अरबीत लिहिणारा. भाषा धर्माएवढीच मानली, की ही सगळी माणसं वर्गाबाहेर उभी राहतात. आणि ज्याच्या घरी तो धर्म नाही असा विद्यार्थी आपणहून दाराबाहेर थांबतो.

नोकरीचंही तसंच. विद्यापीठात शिकवतात ती 'फुस्हा', म्हणजे ग्रंथांची आणि बातम्यांची प्रमाण अरबी. मस्कतच्या दुकानात किंवा कैरोच्या रिक्षात ती कोणी बोलत नाही. तिथे 'आम्मिया', म्हणजे त्या त्या मुलखाची बोली चालते. मराठवाड्याच्या पोराला हे लगेच कळेल. घरातली बोली घेऊन पुण्याला गेल्यावर पहिल्याच दिवशी कोणीतरी हसतं, तेव्हा प्रमाण भाषा आणि बोली यांतलं अंतर काय असतं ते त्याला कोणी शिकवावं लागत नाही. हा अनुभव अरबीच्या वर्गात भांडवल ठरू शकतो. पण त्यासाठी अभ्यासक्रमात बोलीला जागा हवी.

आता साहित्याकडे येऊ. मराठी वाचकाला अरबी साहित्य म्हटलं की पहिलं काय आठवतं? हजार रात्रींच्या गोष्टी. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हे काम हाती घेतलं. विष्णुशास्त्री आणि हरि कृष्ण दामले यांनी ते पुढे नेलं. पुस्तकाचं नाव 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. नावात अरबी भाषा, पण भाषांतर इंग्रजीवरून. पुढे १९७०च्या दशकात गौरी देशपांडे यांनी सोळा खंडांचं प्रचंड काम केलं, तेही रिचर्ड बर्टनच्या इंग्रजीवरून. दोन्ही कामांबद्दल आम्हांला आदर आहे. मराठी गद्याला त्यांनी श्रीमंत केलं. पण समीक्षकाने विचारायला हवं, की यात अरबी किती, बर्टन किती? त्याच्या टिपा, त्याची रुची, त्याचं मुद्दाम जुनाट वळणाचं इंग्रजी हे सगळं त्या गोष्टींबरोबर येतं.

गंमत पुढेच आहे. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा या आपल्या सर्वांत ओळखीच्या गोष्टी. त्या जुन्या अरबी हस्तलिखितात नाहीत. आंत्वान गालां या फ्रेंच भाषांतरकाराला त्या अलेप्पोहून आलेल्या हन्ना दियाब या तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये तोंडी सांगितल्या. १९८४ साली मुहसिन महदी या अभ्यासकाने जुन्या सीरियन हस्तलिखितावरून जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यात अल्लाउद्दीन नाही. मग 'अरबी कल्पनाशक्ती'बद्दल त्याच्या दिव्यावरून आपण जी विधानं करतो, ती कोणाबद्दल असतात? निदान हा प्रश्न तरी मूळ भाषा जाणणारा कोणीतरी मराठीत विचारायला हवा होता.

दुसरं उदाहरण आपल्याच घरचं. पंचतंत्रातला 'मित्रभेद' आठवा. करटक आणि दमनक हे कोल्हे. दमनक चहाड्या करून सिंह आणि बैल यांच्यात वैर लावतो. बैल मरतो, दमनकाचं काहीच बिघडत नाही, उलट तो सुखाने मंत्रिपद भोगतो. ही कथा सहाव्या शतकात पहलवीत गेली आणि आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने अरबीत आणली. करटक-दमनकांची नावं झाली 'कलीला' आणि 'दिम्ना'. पण अरबीत एक संबंध प्रकरण जास्त आहे, आणि ते त्यानेच घातलं असं अभ्यासक मानतात. त्यात दिम्नावर खटला चालतो. तो हुशारीने आपला बचाव करतो, पुरावा मागतो. शेवटी साक्षी होतात आणि त्याला मृत्युदंड मिळतो. संस्कृतात जी राजनीतीची गोष्ट होती, ती अरबीत न्यायाची झाली. ज्याने हे केलं, तो इब्न अल्-मुकफ्फा स्वतः खलिफा अल्-मन्सूरच्या काळात क्रूरपणे मारला गेला.

बघा, पंचतंत्र आपल्याकडे शाळेपासून आहे. मूळ आणि अरबी रूप शेजारी ठेवून चहाडखोराला शिक्षा व्हावी की नाही, या प्रश्नावर एक तास जरी वर्गात चर्चा झाली, तरी विद्यार्थ्याला तौलनिक साहित्य म्हणजे काय ते कळेल. याला संस्कृत आणि अरबी दोन्ही विभागांनी एका बाकावर बसायला हवं. आपल्याकडे ते शेजारी असूनही बहुधा एकमेकांकडे पाठ करून बसतात.

तिसरं उदाहरण इतिहासाचं. अल्-बीरूनी साधारण १०३० साली हिंदुस्थानवर अरबीत ग्रंथ लिहितो. त्यासाठी तो संस्कृत शिकला. आपल्या ग्रंथाच्या आरंभी तो म्हणतो की हिंदूंविषयी जे लिहिलं गेलंय ते ऐकीव आहे, एकाने दुसऱ्याचं उतरवून घेतलेलं. ही तक्रार, आणि इथे मात्र मराठी अर्थाने तक्रार, आज आपल्यालाच लागू पडते. त्याच्या ग्रंथात मऱ्हाट देशाचा उल्लेख आहे. आपण तो वाचतो कसा? एडुआर्ड झाखाऊ या जर्मन पंडिताच्या १८८८ सालच्या इंग्रजी भाषांतरातून. त्याने आपल्याला वाचायला आपली भाषा शिकली. त्याला वाचायला आपण त्याची शिकलो नाही.

आणि हे मूळ अरबी पुस्तक काही दूर नव्हतं. हैदराबादला 'दाइरतुल मआरिफ' ही संस्था १८८८ पासून दुर्मिळ अरबी हस्तलिखितं छापत आली. अरब देशांतले विद्वान तिच्या आवृत्त्या वापरतात. तिने अल्-बीरूनीचा हा ग्रंथ १९५८ साली छापला. त्याच वर्षी, २३ ऑगस्टला, औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. दोन वर्षं आधी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, मराठवाडा हैदराबादपासून सुटून मराठी मुलखात आला होता. ते व्हायलाच हवं होतं. पण त्या वाटणीत जमीन आपल्याकडे आली आणि त्या विद्येची परंपरा तिकडे राहिली, याचा हिशेब आपण मांडला नाही. ज्यांच्या घरांनी रझाकारांचा जाच सोसला, त्यांना त्या लिपीबद्दल माया वाटली नाही, हे समजण्यासारखं आहे. तरी राजवट जाते, कागद उरतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा निजामकालीन दप्तरं उघडावी लागली, आणि उर्दू व मोडी वाचणारी माणसं लागली. ते कागद उर्दूचे, अरबीचे नव्हेत. हा फरक पक्का ठेवा. पण धडा एकच आहे. वाचणारा तयार केला नाही, तर आपलाच कागद आपल्यासमोर मुका होतो.

मग विद्यापीठाकडे आमचं मागणं काय? मुंबई विद्यापीठात अरबीचा विभाग आहे. हैदराबादला उस्मानिया आणि इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ, दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठ इथे अरबी शिकता येते. पण शिकवण्याचं माध्यम बहुधा उर्दू किंवा इंग्रजी. मराठी माध्यमातून बारावी झालेली मंठ्याची मुलगी तिथे दोनदा परकी होते, एकदा भाषेपुढे आणि एकदा माध्यमापुढे. म्हणून पहिली गरज मराठीतून लिहिलेल्या अरबी व्याकरणाची. आणि त्याची सुरुवात 'तहसील-महसूल', 'अंमल-मामला', 'दाखल-दाखला' या जोड्यांपासून व्हावी. धातूवरून शब्द कसे घडतात, हा अरबीचा गाभा. तो या मुलीच्या तोंडात आधीच आहे. दुसरी गरज, एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक तरी कथा अरबीतून थेट मराठीत आणावी, मध्ये इंग्रजी नको. नजीब महफूझला १९८८ साली नोबेल मिळालं. ओमानच्या जोखा अल्-हारिसी यांच्या कादंबरीला २०१९ साली आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. त्यांना मराठीत आणणाऱ्याने अनुवादाचा अनुवाद करू नये.

पोटाचं काय, असं पालक विचारतील, आणि त्यांनी विचारावंच. दुभाष्याचं, भाषांतराचं काम आहे. मुंबई-हैदराबादच्या रुग्णालयांत अरब देशांतून रुग्ण येतात, त्यांच्याशी बोलणारं कोणी लागतं. पण हमी आम्ही देणार नाही, कुठल्याच विषयाची आज देता येत नाही. एवढं मात्र सांगतो. अरबीत 'अदब' या शब्दाचा एक अर्थ शिष्टाचार आणि दुसरा अर्थ साहित्य. मराठीने त्यातला पहिलाच अर्थ घेतला. आपण अदबीने वागतो, अदबीने बोलतो. दुसरा अर्थ अजून घ्यायचा राहिला आहे, आणि तो घ्यायला या तालुक्यातून कोणी निघालं, तर त्याला 'तुझा काय संबंध' असं निदान आपण तरी विचारू नये. संबंध आहे. 'तालुका' या शब्दाचा अर्थच तो आहे.