पावती खरी, माल कुणाचा?

कराडच्या श्रोत्यांना खनिजाच्या पावतीबद्दल आम्ही काय सांगणार! कृष्णा-कोयनेच्या काठावर राहणाऱ्याला ठाऊक असतं, वाळूची एक पावती दिवसभरात किती खेपा करू शकते. पावती खरी, शिक्का खरा. खेपा मोजायला मात्र कोणी नसतं. आज हाच प्रश्न निर्यातीच्या खनिजाबद्दल विचारायचा आहे. त्यासाठी गोव्याच्या लोहखनिजावरचा न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल घेऊ. पण त्याआधी थोडं आफ्रिकेतल्या हिऱ्यांकडे बघू, म्हणजे अहवालाचं दुखणं कुठे आहे ते कळेल.

अंगोला, सिएरा लिओनमधल्या बंडखोरांनी हिरे विकून शस्त्रं घेतली, म्हणून 2003 पासून किंबर्ले प्रमाणपत्र योजना आली. कच्चा हिरा देशाबाहेर जाताना सीलबंद पेटी आणि सोबत सरकारचं प्रमाणपत्र. व्यवस्था चांगलीच आहे. पण व्याख्या बघा. ही योजना रोखते ते बंडखोरांनी सरकारविरुद्धच्या लढाईसाठी विकलेले हिरे. झिम्बाब्वेत मरांगेच्या खाणक्षेत्रात 2008 मध्ये माणसं मारली ती सरकारच्याच सैन्याने. तिथली निर्यात काही काळ अडवली गेली, 2011 मध्ये पुन्हा मोकळी झाली. योजना उभी करण्यात पुढे असलेली ग्लोबल विटनेस ही संस्था त्याच वर्षी बाहेर पडली. प्रमाणपत्र देणारा आणि आरोप असलेला एकच असेल, तर त्या कागदाचं करायचं काय?

आता गोवा. पोर्तुगीज काळातल्या खाण-सवलती 1987 च्या कायद्याने रद्द झाल्या आणि त्यांचे खाणपट्टे झाले, तेही 20 डिसेंबर 1961 पासून लागू धरून. या खाणपट्ट्यांची मुदत 22 नोव्हेंबर 2007 ला संपली. खाणी मात्र चालूच. डिचोली-सांगेहून टिप्पर जेटीवर, जेटीवरून बार्ज मांडवी-झुआरीतून मुरगावला, तिथून जहाज चीनला. चीन हलक्या प्रतीचं खनिजही उचलत होता. 2010-11 मध्ये निर्यात 5 कोटी टनांच्या वर गेली. या सगळ्या काळात रॉयल्टी घेतली जात होती, वाहतुकीचे परवाने मिळत होते. आणि 21 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, 22 नोव्हेंबर 2007 नंतरचं ते सगळं खाणकाम बेकायदा होतं. म्हणजे सरकारने रॉयल्टी घेतली की माल आपोआप कायदेशीर होतो, ही आपली समजूतच चुकीची निघाली.

शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत मांडला गेला आणि खाणी बंद झाल्या. अहवालाचं धाडस आम्ही मानतो. तक्रार दोन गोष्टींची आहे. सुमारे 35 हजार कोटींच्या नुकसानीचा आकडा असा गाजला की, त्याच अहवालातली जास्त गंभीर गोष्ट मागे पडली: कायद्याने बंधनकारक असलेली खाणींची तपासणी झालीच नव्हती. आकड्यावर भांडता येतं, आणि लोक वर्षानुवर्षं भांडले. न झालेल्या तपासणीवर कोण भांडणार? दुसरं असं की, आयोगाने खाणमालकांना आपली बाजू मांडायची संधी दिली नाही. न्यायालयाने मग नेमकं तेच म्हटलं, की ज्यांचं ऐकून घेतलं नाही त्यांच्यावर या अहवालाच्या आधारे खटले भरायला सांगता येणार नाही. एवढा दारूगोळा जमवला आणि ओला करून ठेवला!

न्यायालयाने वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घातली, विक्रीच्या 10 टक्के रक्कम कायमनिधीत टाकायला लावली. राज्याने मात्र 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण केलं, तेही 2018 मध्ये रद्द झालं. यात डिचोलीकडच्या शेतात आधी खाणीचा गाळ आला आणि मग टिप्परचे हप्ते थकले. दोन्ही वेळा भोगलं गावानेच.

यात प्रयोगशाळेचा दाखला कुठे बसतो तेही बघा. 2016 पासून, 2022 मधले काही महिने सोडले तर, लोहाचं प्रमाण 58 टक्क्यांच्या खाली असेल तर निर्यात शुल्क शून्य, वर असेल तर 30 टक्के. एका टक्क्याच्या फरकावर केवढा पैसा! तो दाखला नमुन्याचा असतो. नमुना कुठल्या ढिगातून आला, तो ढीग कुठल्या हद्दीतला, हे दाखला सांगत नाही.

जहाजात किती टन भरलं हे चीनचा खरेदीदार काटेकोर मोजून घेतो, कारण पैसे त्याला द्यायचे असतात. खाणीतला खड्डाही दरवर्षी मोजता येतो: लांबी, रुंदी, खोली. निघालेला माल आणि गेलेला माल यांचा मेळ बसतो का, ते त्यातून दिसतं. तो मेळ खाण खात्याने दरवर्षी गावातल्या चावडीवर लावावा, एवढीच आमची मागणी आहे. टिप्परमालकांच्या कर्जाबद्दल चिठ्ठी आली आहे, ती आता घेऊ.