बखरीतील झान आणि दस्तऐवजांतील झान

मध्ययुगीन स्त्रीचे चरित्र कोणत्या जातीच्या साधनांवरून रचले जाते, यावर त्या चरित्राचे स्वरूप पुष्कळ अंशी अवलंबून असते. चौदाव्या शतकातील ब्रिटनीचे वारसायुद्ध हे याचे बोलके उदाहरण होय. इ. स. १३४१ ते १३६५ या काळात चाललेल्या या युद्धाला फ्रेंच इतिहासलेखनात ‘दोन झानांचे युद्ध’ असे नाव रूढ आहे. एक झान ही माँफर पक्षाची, जन्माने फ्लँडर्सची; दुसरी झान द पांत्येव्र, ब्रिटनीच्या राजकुळात जन्मलेली. नावावरून दोघी तुल्यबळ व समकालीन प्रतिस्पर्धी असाव्यात असा समज होतो. परंतु वाचकांच्या स्मरणात पहिलीच राहिली आहे. दुसरीला विस्मृती का यावी, याचा विचार करू गेल्यास प्रश्न तिच्या कर्तृत्वापेक्षा साधनांच्या स्वभावाकडे वळतो.

कलहाचे मूळ थोडक्यात असे. एप्रिल १३४१ मध्ये ब्रिटनीचा ड्यूक तिसरा जॉन निपुत्रिक वारला. त्याचा सख्खा धाकटा भाऊ गी हा १३३१ सालीच निवर्तला होता. झान ही या गीची कन्या. मृत ड्यूकचा सावत्र भाऊ जॉन द माँफर हयात होता. पुतणीने पित्याच्या ठिकाणी उभे राहून वारसा घ्यावा, की जिवंत पुरुष आप्ताने तो घ्यावा, असा हा वाद होता. झानचा विवाह १३३७ साली फ्रान्सचा राजा सहावा फिलिप याचा भाचा शार्ल द ब्ल्वा याच्याशी झाला होता. सप्टेंबर १३४१ मध्ये काँफ्लां येथे राजाने पत्नीच्या हक्काच्या आधारे शार्लला मान्यता दिली. येथील विसंगती लक्षणीय आहे. स्त्रीकडून येणारा वारसा नाकारला गेल्यामुळे ज्याला सिंहासन लाभले, त्या फिलिपने ब्रिटनीत स्त्रीचा वारसा उचलून धरला. आणि मातेच्या नात्याने फ्रान्सच्या मुकुटावर हक्क सांगणारा इंग्लंडचा तिसरा एडवर्ड पुरुष-वारसाच्या बाजूस उभा राहिला. तत्त्वे राजकारणाच्या सोयीने वापरली जात होती. मात्र या निर्णयाने एक गोष्ट निश्चित झाली: शार्लची सत्ता ही पत्नीच्या अधिकारातून निघालेली सत्ता होती.

या युद्धाची जी प्रतिमा युरोपभर पसरली, ती लिएजचा धर्माधिकारी झां ल बेल आणि त्याच्या ग्रंथावर विसंबून लिहिणारा फ्रवासार या दोन बखरकारांची निर्मिती आहे. १३४१ च्या अखेरीस जॉन द माँफर नांत येथे पकडला गेला आणि त्याच्या पत्नीने पक्षाची धुरा उचलली. १३४२ मधील एनबाँच्या वेढ्याचे वर्णन हा या बखरींतील अत्यंत रंगलेला भाग होय. चिलखत घालून घोड्यावर फिरणारी, स्त्रियांना तटावर दगड वाहून नेण्यास लावणारी, निवडक स्वारांनिशी बाहेर पडून शत्रूच्या छावणीस आग लावणारी ही राणी वाचकाच्या मनात कायमची ठसते. तिच्या धैर्याला बखरकार पुरुषाची आणि सिंहाची उपमा देतात. हीच उपमा बखरीच्या दृष्टीची मर्यादाही उघड करते. स्त्री सत्ता गाजविते हे सांगावयाचे, तर तिला क्षणभर पुरुष करावे लागते. सत्ता ही तिच्या बाबतीत नवल म्हणूनच वर्णनीय ठरते.

पुढील घटनाक्रम पाहता ‘दोन झानांचे युद्ध’ हे नाव कितपत टिकते? १३४३ साली माँफरची झान इंग्लंडला गेली. तेथे ती टिकहिलच्या किल्ल्यात देखरेखीखाली राहिली आणि पुन्हा ब्रिटनीच्या राजकारणात आली नाही. १३४५ मध्ये तिचा पती वारला. त्यानंतर त्या पक्षाचा कारभार अल्पवयी पुत्राच्या नावाने एडवर्डच पाहत होता. याउलट १३४७ मध्ये ला रोश-देरियाँच्या लढाईत शार्ल कैद झाला, तो १३५६ साली जबर खंडणीच्या अटीवर सुटला. या नऊ वर्षांत पक्ष सांभाळला तो झान द पांत्येव्रने. १३५२ साली दिनान येथे प्रतिष्ठितांची सभा भरून पतीच्या सुटकेच्या वाटाघाटींसाठी प्रतिनिधी नेमले गेले. या कारभारात वेढा नाही, छावणीची आग नाही. म्हणून बखरीला त्यात सांगण्यासारखे फारसे आढळले नाही.

ही उणीव दस्तऐवज भरून काढतात. मायकेल जोन्स यांनी १९९६ साली शार्ल व झान यांची सनदापत्रे संकलित करून प्रसिद्ध केली आणि एरिका ग्रॅहम-गोअरिंग यांनी २०२० मधील ग्रंथात त्यांच्या आधारे झानच्या राजसत्तेची चिकित्सा केली. या पत्रांतून पतिपत्नी संयुक्तपणे सनदा देताना दिसतात, आणि झान स्वतःच्या नावाने व स्वतःच्या मुद्रेनेही व्यवहार करते. दाने, नेमणुका, तंट्यांचे निवाडे हे त्यांचे विषय. येथे स्त्रीची सत्ता नवलाची नाही. ती वारसाहक्काची रोजची परिणती आहे. लेखनिकाला तिला सिंहाची उपमा द्यावी लागत नाही. तिची पदवी लिहिली की पुरे होते.

दोन्ही साधने एकत्र ठेवल्यास बखरीतील एका प्रसंगाचा अर्थच पालटतो. १३६४ च्या ओरेच्या लढाईसाठी शार्ल निघाला, तेव्हा आपला वारसा अबाधित ठेवावा, कोणतीही तडजोड करू नये, असे झानने त्याला बजावल्याचे फ्रवासार सांगतो. त्या लढाईत शार्ल मारला गेला. त्यामुळे या प्रसंगावरून हट्टी पत्नीने सज्जन पतीस मृत्यूच्या दारी लोटले, असे चित्र उभे राहणे सहज आहे. परंतु ज्या डचीच्या वाटणीचा प्रश्न होता, ती कायद्याने झानची होती. तिच्या संमतीवाचून शार्लने केलेली वाटणी टिकणारी नव्हती. बखरीत जो स्त्रीहट्ट भासतो, तो दस्तऐवजाच्या भाषेत मालकिणीने आपली संमती नाकारणे होय. फ्रवासारचे शब्द प्रत्यक्ष उच्चारले गेले असोत वा नसोत, त्यांतील कायद्याचा गाभा खरा आहे.

तथापि बखर खोटी आणि सनद खरी, असा सोपा निवाडा करणे धोक्याचे ठरेल. सनदेची भाषा ठराविक साच्याची असते. दोघांची नावे एकत्र आली म्हणजे निर्णय दोघांनी समसमान घेतला, असे सिद्ध होत नाही. पत्रावरून अधिकार कळतो, स्वभाव कळत नाही. झानला पतीच्या मृत्यूचे दुःख किती झाले, पराभव तिने कसा सोसला, हे कोणतीही मुद्रा सांगणार नाही. चरित्रकाराने ही पोकळी कल्पनेने भरू नये. परंतु पोकळी आहे म्हणून चरित्रच नाही, असेही मानू नये.

एप्रिल १३६५ च्या गेरांदच्या तहाने डची माँफरपुत्राकडे गेली. झानकडे पांत्येव्रची जहागीर राहिली, आणि माँफर कुळात पुरुषवंश खुंटल्यास आपल्या कुळाकडे वारसा यावा, हे कलम पदरात पडले. ज्या स्त्री-वारशाच्या तत्त्वावर तिने झुंज दिली, तेच या तहात पुरुषवंशाच्या मागे ढकलले गेले. तरीही त्या कलमाचे मोल तिने ओळखले होते. १३७८ मध्ये पाचव्या शार्ल राजाने ब्रिटनी जप्त केली, तेव्हा या राखीव हक्कालाच धोका आला. आणि पुढील वर्षी तिने जुन्या वैऱ्याच्या पुनरागमनास अनुकूलता दाखविली. १३८४ साली तिचा मृत्यू झाला. परंतु तो हक्क जिवंत राहिला, इतका की १४८० साली अकराव्या लुई राजाला तो तिची वंशज निकोल हिच्याकडून विकत घ्यावासा वाटला.

एनबाँच्या तटावरील पराक्रम एका उन्हाळ्याचा होता. तहातील ते कलम शतकाहून अधिक काळ राजकारणात वावरले. पराक्रमाची कथा सांगणे हे बखरीचे काम, आणि ते तिने उत्तम केले आहे. परंतु सत्ता केवळ पराक्रमाच्या रूपातच ओळखावी असा नियम अभ्यासकाने स्वीकारला, तर हक्क, संमती आणि सही यांच्या बळावर राज्य करणाऱ्या स्त्रिया इतिहासातून गळून पडतील. झान द पांत्येव्रच्या चरित्राचे महत्त्व याच इशाऱ्यात आहे.